जिनिंगच्या शेडमधलं लढाईचं इमान

चार जुनी माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "गंगाराम, ते इमानाचं सांग." किती सांगितलं तरी दुकानातल्या चिंध्यांसारखे किस्से उरतातच. मी परभणीचा शिंपी. निजामाच्या राज्यात आमच्या रावसाहेबांनी पहिल्या महायुद्धातलं एक मोडकं विमान, आमच्या बोलीत इमान, लिलावात घेतलं, बैलगाड्यांवर घालून आपल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आणलं आन आमाला म्हणाले, "उडवायचं."

इंजिनाचं काम जिनिंगचे फिटर कासिमचाचा बघायचे. लढाईत बसऱ्याला त्यांनी अशीच विमानं दुरुस्त केलेली. "मग चाचा, लय उडला असाल?" मी एकदा विचारलं.

"साहब लोगां उडते थे, मियाँ. हम नीचे पंखा घुमाते थे."

खालून कुणीतरी नाकावरचा पंखा हातानं फिरवल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचं न्हाई. एकदा वर बसायचं, एवढीच त्यांची हौस. साठी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायलेला.

*

पंखांना कापड चढवायचं काम माझं. आता शिंप्याची पद्धत अशी, की शिवणीत थोडं कापड जादा ठेवायचं. पोरगं वाढतं, माणूस सुटतो, मग उसवून मोठं करता येतं. पंखांनाबी मी चांगलं चार बोटं जादा ठेवलं. चढवलं तर सगळं लोंबायला लागलं.

चाचा म्हणाले, "गंगाराम, जहाज है ये. बढता बच्चा नै."

रावसाहेब तापले. "आजपासून इमानाच्या कोणत्याच शिवणीत एक बोटसुदिक जादा ठेवायचं न्हाई. समजलं?" सगळं उसवून परत शिवलं. लय राग आला होता, खोटं कशाला बोलू.

*

कापड ताणून धरायचं रोगण मुंबईहून येईना. मी म्हणलं, धोतराला देतो तशी खळ देऊ. तांदळाची खळ दिली, डावा पंख वाळायला बाहेर ठेवला आन जेवायला गेलो. येऊन बघतो तर कापसाच्या गाडीचे दोन बैल पंख चाटायलेत!

गाडीवान वर मलाच म्हणतो, "जोडी हाय माझी. दुसरा पंख बी ठिवा की भाईर."

*

दसऱ्याला हत्यारांची पूजा. लढाईचं इमान म्हणजे हत्यारच, असं म्हणून विठोबा सुतारानं पंख्याला झेंडूचा हार घातला. हार काढायचा राहिला आन चाचांनी इंजिन सुरू केलं. सगळा झेंडू रावसाहेबांच्या मिशांत.

रावसाहेब मिशा झटकत म्हणाले, "प्रसाद पावला. आता बंद करा."

*

शेवटी हैदराबादहून इजाजत आली. एक दिवस, एकच उड्डाण. पोखर्णीच्या वाटेवरचा माळ साफ केला. चालवणार रावसाहेबांचा भाचा, तो हैदराबादला शिकून आलेला. मागं एकच जागा, ती अर्थातच रावसाहेबांची. चाचा इंजिन पुसत बसले. मला लय वाईट वाटलं. त्याच दिवशी मागच्या जागेचा कुजलेला पट्टा नवा शिवायला माझ्याकडं आला.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब कोट घालून बसले. पट्टा काही केल्या जुळेना, वीतभर कमी. भाचा म्हणाला, "मामा, पट्ट्याशिवाय मी नेणार न्हाई."

"गंगाराम, माझं माप तुझ्या वहीत हाय ना?"

"हाय की. शेचाळीस."

"मग हे कुणाचं?"

"चाचांचं."

"उसवून वाढव."

"कसं वाढवू? एक बोट जादा ठेवायचं न्हाई, तुमचाच हुकूम."

रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग पंख्यापाशी उभ्या असलेल्या चाचांकडं बघितलं. हळूहळू खाली उतरले.

"कासिमभाई, बसा."

"मालिक, फिर पंखा कौन घुमाएंगा?"

रावसाहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आन बाह्या सारून पंख्याला हात घातला.

विमान उडालं. पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळावरून मोठी चक्कर मारून परत माळावर टेकलं. भाचा उतरला. चाचा बसूनच.

"चाचा, उतरा की," मी म्हणलं.

"ठैरो जरा. पट्टे का बक्कल नै खुलरा."

रावसाहेब मदतीला पुढं निघाले, तसा मी त्यांचा हात धरला. ते बक्कल मीच लावलेलं. एका बोटानं उघडायचं.