दुसरा खंड

मुखेडच्या स्टँडवर माझी बॅग लातूरच्या गाडीत चढवताना दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "लई जड हाय बाई. दगडं भरलीस का काय?" मी हसले. बॅगेच्या तळाशी एका जाडजूड फ्रेंच कादंबरीच्या मराठी अनुवादाचा दुसरा खंड होता. वाचनालयाचा, दादांच्या नावावरचा. बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, आज सांगते.

दादा गणिताचे मास्तर. रविवारी दुपारी ओसरीवर बसून ते आम्हा मायलेकींना ती कादंबरी वाचून दाखवत. दोनच पानं. आई शेंगा फोडता फोडता पॅरिसच्या बायांना सल्ले देई. मी म्हणायचे, पुढचं वाचा ना. दादा म्हणत, "दमानं घे. ती माणसं कुठं पळून चाललीत?"

पळाले मीच. पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिला खंड संपत आला होता, दुसरा कपाटात तयार होता. शेवट मला आधी कळायला हवा होता. लातूरच्या गाडीतच, वाटेतलं चाकूर यायच्या आत शेवटचं पान वाचून काढलं आणि सगळी चवच गेली. मधलं वाचवेना, परत पाठवायची लाज वाटली.

इकडे दादांनी घर धुंडाळलं, ज्वारीची कणगीसुद्धा उपसली. आईनं फोनवर हसत सांगितलं, मीही हसले. मग दादांनी "मास्तर असून पुस्तक सांभाळता येईना" म्हणत वाचनालयाचं कार्ड परत केलं. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. ते ऐकून मात्र मला हसू आलं नाही.

पुण्यात फ्लॅट झाला, ईएमआय झाले. ऑडिओबुकदेखील मी दीडपट स्पीडनं ऐकते.

यंदा मे महिन्यात पुस्तक दादांपुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी चहा संपवला.

"मला वाटलं, माझंच डोकं चालंना झालंय," एवढंच म्हणाले. मग चष्मा लावत, "शेवट वाचलास?"

"हाव."

"मग तोंड गप ठेव."

आतून आई म्हणाली, "आन् मी ज्वारी भरली की पुन्हा, ती फुकटच."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दादा वाचनालयात गेले, मी मागं. पुस्तक जमा केलं, नवं कार्ड काढलं आणि तेच पुस्तक परत मागितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "आत्ताच दिलंत की, सर." दादा म्हणाले, "वाचायचं राहिलंय."

आता रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असतो, दोनच पानांचा. मी हिशेब मांडला, "पाचशे पानं हायत दादा, पाच वर्षं लागतील."

"गणित मला शिकवू नको. घाई हाय का तुला?"

नाही. शेवटच्या पानात माझं एसटीचं तिकीट निघालं होतं, मुखेड ते लातूर. दादा तेच खुणेला ठेवतात. घर कुठं, असं कुणी विचारलं तर तोंडानं पुणं म्हणते, पण मनात ते तिकीट असलेलं पान येतं. परवा ते छत्तिसाव्या पानावर होतं.