दिवेलागणीचं दळण

माझी बायको आख्ख्या संसारात एकदाच माझ्याशी बोलायची थांबली. पाच दिवस. तिला माती देऊन आता चार महिने झाले, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही, ते पाच दिवसच येतात. बसलो की येतात म्हणून उठतो, ओट्यावर जातो, परत आत येतो. सून म्हणते, मामा, जरा एका जागी बसा. बसवत नाही. म्हणून लिहायला घेतलं. मी दोन यत्ता शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्यानं नीट करून वाचावं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. रझाकाराची धामधूम अजून दोन-तीन वर्षं लांब होती. आमचं गाव चुडाव्याजवळ, रेल्वेची शिट्टी रानात ऐकू यायची. घरात आम्ही तिघंच. मी, माझी माय आणि बायको. बाप मी लहान असतानाच गेला, त्यामुळं घरात मायचा शब्द शेवटचा. पहिली जचकी माहेरी होते, पण बायकोला माय नव्हती, मग पाठवणार कुणाकडं? आमच्याच घरी झाली. मुलगा झाला. आम्ही लिंगायत; स्वामींनी येऊन लेकराला लिंग बांधलं, कपाळाला ईभूत लावली, सगळं रीतीनं झालं.

पंधरा दिवस लेकरू गुण्यानं राहिलं. सोळाव्या दिवशी दिवे लागायच्या वेळी रडायला लागलं ते दोन तास थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिवसभर गुण्यानं पडून असलेलं तान्हं, गुरं रानातून घरी आली की मुठी आवळायचं, पाय पोटाशी घ्यायचं आणि लालबुंद व्हायचं. पोट हाताला नगाऱ्यासारखं लागायचं. मी रानातून येताना गावाच्या शिवेवरूनच कान द्यायचो. आवाज आला नाही तर बरं वाटायचं, पण घराशी येईपर्यंत तो सुरू व्हायचाच. पुढं पुढं मला घरी जावंसंच वाटेना. बैलांना पाणी पाजायला मी उगाच लांबच्या विहिरीवर न्यायला लागलो. हे खरं आहे म्हणून लिहितो.

मायनं येत होतं ते सगळं केलं. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. विड्याच्या पानाला एरंडेल लावून पोटावर ठेवलं. मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. बायकोला शेपू बंद, वरण बंद, पाणीसुद्धा घोट-घोट. ती वाळत चालली. मी एक दिवस गाडीनं पूर्ण्याला जाऊन तिथल्या हकिमाला विचारून आलो. म्हातारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तीन महिने में अपने आप जाता. सबर रखो." बडीशेपेची पुडी दिली, बस.

घरी येऊन सांगितलं तर माय भडकली. "सबर ठेव म्हनं! त्याच्या घरात रडायलंय का? आपल्या घरात रडायलंय."

मग तिनं डागाचं काढलं.

आमच्याकडं तेव्हा तान्ह्याच्या पोटाला डाग द्यायची चाल होती. हळकुंडाचं टोक दिव्यावर धरायचं, निखाऱ्यासारखं झालं की बेंबीच्या बाजूला टेकवायचं. मलाही दिलेला आहे, अजून दिसतो. खालच्या आळीत एक म्हातारी होती, तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. तिची रीत ठरलेली. रविवारी पहिला डाग, उतार नाही पडला तर गुरुवारी दुसरा. लेकराचे पाय बापानंच धरायचे. आई समोर नको, आईच्या डोळ्यात पाणी आलं तर डाग लागू पडत नाही.

शनिवारी बायकोनं मला बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बोलावलं. ती कधी काही मागत नसे. त्या दिवशी म्हणाली, "अवं, आत्याबाईला माझं चालत न्हाई. तुमचं चालंल. माझ्या लेकराला डाग देऊ नका."

"न्हाई देत," मी म्हणलं.

"माझी आन?"

"आन कशाला पायजे? म्हनलं की न्हाई देत म्हनून."

हे बोलणं झालं. आणि रविवारी दिवेलागणीला लेकरू रडायला लागलं, म्हातारी आली, मायनं सुनेला आतल्या खोलीत घालून कडी लावली आणि मला म्हणाली, "धर पाय."

मी म्हणलं, "माय, हकीम म्हनला…"

"हकीम तुझा बाप हाय का? तुला डाग दिला तवा तुज्या बापानं धरले व्हते पाय. तो काय कसाई व्हता?"

म्हातारी हळकुंड फिरवत म्हणाली, "लवकर करा बाबा, माझ्या घरी भाकरी व्हायच्यात."

मी धरले. एवढे एवढे पाय, माझ्या एका मुठीत दोन्ही मावले. पुढचं लिहीत नाही. आतून बायको दार वाजवत होती. नंतर तेही थांबलं. लेकरू रडून रडून थकलं आणि झोपलं, आणि माय म्हणाली, "बग, पडला का न्हाई उतार?"

मी कडी काढली. बायकोनं माझ्या हातातून लेकरू घेतलं. पदरानं वारा घालत बसली. माझ्याकडं बघितलं नाही. तिथून तिचं बोलणं बंद.

लोकांना वाटेल, बोलणं बंद म्हणजे भांडण. भांडण नव्हतं. मी विचारलं, पाणी पायजे का, तर ती तांब्या बाहेर सरकवायची. मी म्हणलं, खाल्लं का, तर ताट दाखवायची. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

आणि सोमवारी दिवे लागले, तर लेकरू त्याच वेळी, तसंच रडायला लागलं. आता पोटाला हात लावायची पण सोय राहिली नव्हती. ओवा शेकायचा तरी कुठं? माय म्हणाली, "एका डागानं कुटं ऱ्हातंय? गुरुवारी दुसरा दिला की बसंल." मंगळवारी रानात मला काम सुचेना. औत धरलं की सोडावंसं वाटे, सोडलं की धरावंसं वाटे. औताचं तास वाकडं गेलं. बैलांना उगाच मारलं. रडणं बंद होणार नव्हतं, हे मला हकिमाच्या बोलण्यावरून कळत होतं. आणि गुरुवार आला तर मी पुन्हा पाय धरीन, हेही कळत होतं. मी तसाच माणूस होतो. मायपुढं माझी जीभ उचलत नव्हती.

बुधवारी दुपारी मी लवकर घरी आलो. त्या दिवशी पहाटेचं दळण राहिलं होतं, म्हणून माय उन्हं कलल्यावर ओसरीत जात्यावर बसली होती. लेकरू वेळेच्या आधीच कुरकुरायला लागलेलं. मी त्याला खांद्यावर पालथं घेऊन ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायला लागलो. चार-पाच खेपा झाल्यावर लक्षात आलं की जात्याजवळ गेलो की पोरगं आवाज उतरवतंय, लांब गेलो की पुन्हा चढवतंय. मायनं दाण्याचा घास घालायला जातं थांबवलं, तर एकदम किंचाळलं. जातं फिरलं, गप. मी जात्याला लागून खाली बसलो. जमिनीतून ती घरघर माझ्या मांडीत आली. पोरगं डोळे उघडे ठेवून ऐकत बसलं.

"माय, हे बग, जात्यानं गप बसायलंय."

"दिवे लागू दी, मग बग कसं गप बसतंय ते," माय म्हणाली. दळण संपलं, ती उठली. दिवे लागले आणि रडणं सुरू झालं.

"अजून थोडं दळ की."

"दिवा लागल्यावर? येडा झालास का? घरची लक्ष्मी जाईल दळून."

तेही खरं होतं. दिवा लागल्यावर कुणाच्या घरी जातं फिरत नसे. आणि गडीमाणूस जात्यावर बसलेला मी तोवर बघितला नव्हता, आजही फारसा बघितला नाही. त्या बुधवारी मी दोन तास नुसता हिंडलो. ओसरी, अंगण, गोठा, परत ओसरी. पाय थांबले नाहीत आणि ते रडणंही थांबलं नाही.

गुरुवारी मी रानात गेलोच नाही. माय दोनदा म्हणाली, जा, मी गेलो नाही. दिवे लागायच्या आधी कणगीतली जवारी सुपात घेतली आणि जात्यापाशी ठेवली. लेकरू कुरकुरायला लागलं तसं खोलीच्या दाराशी जाऊन हात पुढं केले. बायकोनं माझ्याकडं बघितलं, आणि लेकरू आणखी छातीशी धरलं. तिला वाटलं, पाय धरायला न्यायलाय. मी म्हणलं, "जात्यावर बसतो. तुज्यासमोर बसतो. दार उघडं ऱ्हाऊ दे." लय वेळानं दिलं.

एक पाय पसरला, एक दुमडला, दुमडलेल्या मांडीवर लेकराला पालथं घातलं, डाव्या हातानं पाठ धरली आणि उजव्यानं खुंटा. पहिल्या चार फेऱ्यांत जातं मला जुमानेना. बायका हे कसं करतात देव जाणे. मग फिरलं. लेकरू हुंदके देत देत गप होत गेलं.

माय देवापुढं दिवा लावून बाहेर आली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आरं, दिवा लागला! गड्यानं जातं! गाव काय म्हनंल?"

गाव म्हणालंच. शेजारच्यानं भिंतीवरून मान वर काढली. "का रं, उद्या लुगडं नेसून येतो का रानात?"

"तुजं दे," मी म्हणलं. "माज्या बायकूचं मला आखूड व्हतंय."

तेवढ्यात म्हातारी आली. हातात हळकुंड होतं. माय मला म्हणाली, "ऊठ. धर पाय."

"उठत न्हाई."

"काय म्हनलास?"

"उठत न्हाई. पाय धरत न्हाई. बापानंच धरायचे असत्यात ना? मग मी धरत न्हाई."

"लेकराचं काय बरंवाईट झालं तर?"

"माज्या माथी."

जातं थांबवायची भीती होती म्हणून मी फिरवतच राहिलो. माय उभीच राहिली. वाटलं, आता मारते. ती आत गेली आणि देवापुढं बसून मोठ्यानं मला बोलायला लागली, म्हणजे देवाला सांगायला लागली. पुढं आठ दिवस ती माझ्या हातचं पीठ शिवली नाही. म्हातारी मात्र गेली नाही. खाली टेकली, तंबाखू मळली, जात्याभोवतीचं पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि म्हणाली, "लय मोठं पडायलंय. घास कमी घाल." मग हळकुंड कमरेला खोचून निघून गेली.

त्यानंतर तीन महिन्यांचं होईपर्यंत रोज दिवे लागले की मी जात्यावर बसत होतो. जवारी संपली की दळलेलंच पुन्हा घालायचो. पोरगं कधी गप राही, कधी जात्यालाही दाद देत नसे. मग एक दिवस हकीम म्हणाला तसं आपोआप थांबलं.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं. लेकरू मांडीवर झोपलं होतं. थांबलो तर उठेल म्हणून मी रिकामंच जातं हळू हळू फिरवत होतो. उघड्या दारातून बायको बघत होती. पाच दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"हाताला फोड आले का?"

"आले."

"येऊ द्या," ती म्हणाली.

पुढं सारा जन्म गेला, चार लेकरं झाली, त्या रविवाराविषयी ती याच्यापेक्षा एक शब्द जास्त बोलली नाही. माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला रोज दिवस होता, म्हणून राहून गेलं.