सुभेदारमामा लाइव्ह बघत होते

आता माझी अब्रू मीच काढायला बसलोय म्हटल्यावर चहा जरा मोठा सांगा!

नाशिकरोडला माझा छोटासा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या ऑर्डरी आटत चाललेल्या. बायको, वैशाली, म्हणाली, "अहो, रील टाका. लोकांना तुमचं काम दिसू दे."

म्हणून भर मे महिन्यातल्या दुपारी फोन समोर उभा केला. अल्बम कसा बनतो ते रेकॉर्ड करायचं म्हणून बटण दाबलं आणि कामाला लागलो.

काम करताना मला बडबडायची सवय. अल्बम देवळाली कॅम्पातल्या लग्नाचा. नवरदेवाचे मामा, तोफखान्यातले रिटायर्ड सुभेदार, प्रत्येक फोटोत घुसलेले! मी आपला सुरू, "अरे, सप्तपदीत हा मामा कशाला? लग्न याचं आहे का? आणि ही मिशी! नवरी कुठंय? मिशीमागं! उडवा याला!"

वीस मिनिटांनी फोन उचलला. बघतो तर काय? लाल अक्षरात 'लाइव्ह'! अन् बघणाऱ्यांत पहिलं नाव कुणाचं? सुभेदारमामांचं!

कसाबसा व्हिडिओ पुसला, तेवढ्यात मामांचा फोन. "स्टुडिओत आहेस ना? थांब तिथंच. आलो." कट!

तोफा डागलेला माणूस 'आलो' म्हणाला, तर तुम्ही काय कराल? मी शटर अर्धं ओढलं आणि वैशालीला फोन लावला.

"पळू का गं?"

"पळून जाल कुठं? आत आले की पाय धरा. त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळं कबूल करा!"

बाहेर बुलेट थांबली. शटरखालून आधी बूट दिसले, मग वाकलेली मिशी. मी थेट पायांवर!

"मामा, चुकलो! मिशीला नावं ठेवली, सप्तपदीतून तुम्हाला उडवलं, 'लग्न याचं आहे का' म्हणालो… पण मनात काही नव्हतं हो!"

मामांनी खांद्याला धरून मला उभं केलं.

मग सावकाश म्हणाले, "आवाज कुठं येत होता? माइक बंद होता तुझा. तू भोकं पडलेल्या बनियनवर बसलायस आणि आमच्याकडच्या बायका हसतायत, एवढंच सांगायला आलो होतो. त्यांच्यासमोर फोनवर कसं बोलणार?"

मी खाली पाहिलं. बनियनच!

मामांनी स्टूल ओढलं, बसले. "हं. आता पहिल्यापासून सांग."

आणि मी गाढव, घाबरून पहिल्यापासून सांगितलं! मघाशी घाईत त्यांच्या ढेरीबद्दल बोललेलं राहिलं होतं, तेसुद्धा!