भोंगेवाल्याच्या घरी घड्याळ नव्हतं

माझे बाबा जिनिंगमध्ये भोंगा वाजवायचे. कापसातून सरकी काढणारा तो कारखाना म्हणजे बाभुळगावकडच्या आमच्या गावाचं घड्याळच. त्याच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, वावरातून परतायचं. एवढ्या कामाच्या माणसाला वाटेत कोणी टाइम विचारला, तर तो सरळ कशाला सांगेल?

"किती वाजले, भाऊ?"

"काल या टाइमाले वाजले होते तेवढेच."

टपरीवाल्याने विचारलं तर, "काहून, तुले कलेक्टरनं बोलावलं काय?" शेजारच्या म्हाताऱ्याला तर तोंडावर सांगितलं होतं, "बुढ्या, तुह्या वयात वाजलेले मोजू नये, राह्यलेले मोजावं." म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा विचारायला आला.

आई घरात घड्याळ मागायची. बाबा म्हणायचे, "भोंगेवाल्याच्या घरी घड्याळ कायले? लोक हसतीन."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या हंगामात जिनिंग उघडलंच नाही. तरीही लोक बाबांना टाइम विचारत. थोडं चिडवायला, थोडं जुनं ऐकायला. "मालकाले विचारा," ते म्हणत, "टाइम त्यानं कुलपात ठेवला."

यवतमाळच्या कॉलेजात मी सातच्या एसटीने जायचे. पुढची गाडी थेट दहाला. अंदाजाने उठण्यात दोनदा गाडी चुकली होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आजही मान वर करून सांगते. शेवटचा पेपर नऊचा होता. गाडी चुकली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर मामांनी पाहिलेलं स्थळ तयारच होतं.

आदल्या संध्याकाळी मी रडकुंडीला आले. "बाबा, शेजारून घड्याळ तरी मागून आना."

"भोंगेवाल्यानं घड्याळ मागावं?"

"मंग मले सहाले कोण उठवीन?"

"मी आहो ना. तू झोप." जेवण करून ते बाहेर पडले.

सकाळी भोंगा झाला. पहिल्यासारखा, लांबलचक. जिनिंगचा चौकीदार बाबांचा जुना सोबती होता. किल्ली त्याच्याकडेच असायची, आणि जिनिंगचं घड्याळही. मी काय ते समजले.

पण गावाला कोण सांगणार? आवरून स्टँडकडे निघाले, तर रस्ता भरलेला. बाया डबे घेऊन निघालेल्या, एकाने तर घरात पडलेला कापूस बंडीत भरून बैल जुंपलेले. सगळ्यांना वाटलं, जिनिंग सुरू झालं! सगळे वाटेतल्या जिनिंगच्या फाटकाशी, आणि फाटकात बाबा एकटे.

जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई उचलायला जाणारी एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काम आहे का जी, भाऊ?"

"नाही."

"मंग कायचे वाजवले?"

मी जागीच थांबले. बाबा आता काहीतरी फेकणार, आणि आज ते कोणी हसण्यावारी नेणार नाही.

"सहाचे," बाबा खाली पाहून म्हणाले. "पोरीचा पेपर आहे."

त्यांनी सरळ सांगितलेला टाइम मी पहिल्यांदाच ऐकला. मावशीने डबा काखेत मारला आणि माझ्याकडे वळली.

"मंग उभी काहून आहे वं? आमची झोप मोडून गाडी चुकवतं काय? पय!"

मी पळाले. निकाल लागला तेव्हा पेढा घेताना मावशीने दुसराही उचलला. म्हणाली, "हा माह्या झोपेचा."