प्रोफेसरांचं डोकं परीक्षेला

आमच्या वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर या देशात आले ते डॉक्टरेटच्या जोरावर. वहिनींची नोंद 'सोबतची पत्नी', बस्स. त्या केस कापतात हे विचारलं कुणी? पुढे सरकारचं मन फिरलं. पदवीधर एवढे येऊन बसले की टॅक्सी बोलावली की अर्थशास्त्रज्ञ दारात, आणि केस कापायला मात्र माणूस मिळेना. मग नियम निघाला: कायम राहायची परवानगी आधी हातात कसब असलेल्यांना. इकडे प्रोफेसरांचं कॉलेजातलं कंत्राट संपलेलं, मुक्कामाची मुदतही संपत आलेली. वहिनी केस कापायची सरकारी परीक्षा पास झाल्या तर दोघं राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

"म्हणजे आता मी 'सोबतचा नवरा'," प्रोफेसर म्हणाले.

"मग चहा टाका," वहिनी म्हणाल्या.

परीक्षेला डोकं आपलं आपण न्यायचं होतं. अख्ख्या इमारतीत दिवसभर रिकामं असं एकच होतं. त्यावरच्या केसांचा प्रोफेसरांना भारी तोरा. लग्नापासून वहिनींशिवाय कुणाची कात्री लावून घेतली नव्हती.

सगळीकडे सारखे आखूड केस कापायचे होते. वहिनींचा हात झरझर चालला. परीक्षक बाईंनी कंगवा फिरवला आणि टाळूपाशी थांबल्या.

"ही बट लांब का?"

बटेखाली नाण्याएवढं टक्कल होतं. वर्षानुवर्षं वहिनी ते झाकत आल्या होत्या, घरी मागचा आरसासुद्धा बेतानंच तिरका धरायच्या. आजही हात सवयीनं तिथे आपोआप आवरला होता. खरं सांगावं तर चारचौघांत नवऱ्याची शोभा, न सांगावं तर गुण गेले.

"चुकलं म्हणून लिहा," त्या पुटपुटल्या.

"अगं, काप ती," प्रोफेसर आरशातून म्हणाले. "वेळ आहे अजून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आपल्या लिफ्टच्या छताला आरसा आहे. तू इतक्या निगुतीनं झाकायचीस, म्हटलं कशाला तुझा हिरमोड करा."

वहिनींनी नाक ओढलं, डोळे मनगटानं पुसले आणि बट कापली. परीक्षक बाईंनी पुन्हा कंगवा फिरवला आणि मान डोलावली.

आता खालच्या गाळ्यात वहिनींचं दुकान आहे. प्रोफेसर केर काढतात आणि सरकारनं कुणाला येऊ द्यावं, कुणाला नाही, यावर व्याख्यान देतात. कानाशी वहिनींची कात्री असते, त्यामुळे गिऱ्हाईक हलत नाही. एवढे शांत श्रोते त्यांना कॉलेजात कधी मिळाले नव्हते.