शांती त्याच्यापाशी अडायची

“देव बहिरा नाही,” असं म्हणत म्हातारा माझा माईक एका बोटाने बाजूला सारायचा. बोटानेच, कारण दुसऱ्याच्या वस्तूला पंजा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. तंजावरात माझं माईकसेटचं दुकान आहे. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतून दर रविवारी मी म्हाताऱ्याच्या चर्चमध्ये वायरी ओढायला जाई, म्हणून हा नग मला जवळून बघायला मिळाला. तुमच्याही देवळात असा एक असेलच.

निवृत्त हेडमास्तर. उपासना म्हणजे काय ते फक्त आपल्यालाच कळतं, असा पक्का समज. प्रार्थनेला सगळे दोन्ही डोळे मिटत, हा एकच मिटे. दुसऱ्याने कोणाचा डोक्यावरचा पदर घसरला, कोण उशिरा आलं, याची हजेरी घेई. गाण्याचा सूर जरा चढला की भर उपासनेत खाकरे. सोवळं आमच्या काकाच्याच अंगात आहे असं मी समजत होतो. याने काकाला मागे टाकलं.

त्याचा धाकटा भाऊ गावाबाहेरच्या ढोल-टाळ्यांच्या प्रार्थनासभेला जाऊ लागला, तेव्हापासून म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. “ती उपासना नव्हे, तंबी. जत्रा आहे,” हे मला सांगून झालं. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. जणू मी विचारलं होतं.

काही वर्षांनी भाऊ परत आला आणि मुकाट्याने त्याच्या शेजारी बाकावर बसला. आता तिथली एक रीत सांगतो. प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीआधी, शांती देतात. पाळक, म्हणजे तिथला धर्मगुरू, पहिल्या माणसाला देतो, तळव्याला तळवा लावून, वरून दुसरा हात ठेवून. मग ती हातोहात बाकाबाकांतून मागे जाते. घेतलेली पुढे द्यायचीच. त्या दिवशी ती म्हाताऱ्याकडे आली. त्याने घेतली, आणि गीतांचं पुस्तक उघडलं.

“अण्णा,” हात पुढे करून भाऊ हळूच म्हणाला.

“पान काढ,” म्हातारा म्हणाला.

पुढे दर रविवारी हेच. भाऊ येई, हात पुढे करी, आणि म्हातारा पुस्तक उघडी. मागच्या बाकावरच्या बायका हात पुढे करून थकल्या. एकदा पलीकडच्या रांगेतली एक बाई शांती द्यायला माझ्याकडे वळली, तर म्हाताऱ्याने तेच बोट वर केलं. “तो कामाला आलाय.” मला कुठे शांतीची हौस होती? पण त्या बोटाची चीड आली.

“ज्याला सख्खा भाऊ नको, त्याला देव तरी कशाला हवा?” मी घरी म्हणालो.

“तुम्ही माईक बघायला जाता की भांडण?” बायको म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारा गेला. रात्रभर बर्फपेटीत ठेवून सकाळी त्याला चर्चमध्ये आणलं. कोट, टाय, हातांत पांढरे मोजे. मेल्यावरही शिस्त. माईक मी शवपेटीच्या अगदी उशाशी लावला. तो बाजूला सारायला आता कोणी नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

झाकण लावण्याआधी भाऊ पुढे आला. त्याने म्हाताऱ्याचा उजवा मोजा काढला, तळव्याला तळवा लावला आणि वरून दुसरा हात ठेवला.

“अण्णा, आज तरी पान काढायला सांगू नकोस.”

माईक चालू होता. सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

मग तो वळला. जवळ उभा होतो तो मी, हातात वायर घेऊन. त्याने माझ्यापुढे हात केला. मी वायर खाली ठेवली. त्याच्या तळव्याला बर्फपेटीचा गारठा लागला होता, तो माझ्या तळव्यात आला. म्हाताऱ्याकडून निघालेली शांती, आणि ती यावी कोणाकडे, तर कामाला आलेल्या माणसाकडे.

मी मागे वळलो. मागच्या बाकावरच्या त्या बायका हात पुढे करून उभ्या होत्या.