स्वयंपाकघराचा उंबरा

सदानंद काही कुत्री पाळणाऱ्यांतला माणूस नव्हता. छापखान्यातल्या त्याच्या सोबत्याने, वसईच्या अँथनीने, अल्सेशियनचं दीड महिन्याचं पिल्लू त्याच्या गळ्यात मारलं आणि कॉलेजात जाणाऱ्या सुरुचीने ते बापाच्या हातून काढून घेतलं, तेव्हाच त्याचं काही चालेनासं झालं. हुकूम सोडायची शेवटची संधी मात्र त्याने साधली. "स्वयंपाकघरात येता कामा नये. तिथे देव आहेत."

ही शहाण्णव सालची गोष्ट. चंदनसारच्या त्या दोन खोल्यांत देवांना दुसरी जागाच नव्हती, म्हणून गावाहून आणलेला देव्हारा ओट्याशेजारच्या भिंतीला लावलेला. त्याच ओट्यावर दर रविवारी बांगडे तळले जात, त्याला देवांनी कधी हरकत घेतल्याचं कुणी ऐकलं नाही. पण कुत्रीला मनाई.

शिकवायचं काम अर्थातच त्याच्या बायकोच्या, विनयाच्या वाट्याला आलं. हुकूम सोडणारा सकाळी सातला घराबाहेर पडायचा. स्वयंपाकघराच्या दारात उंबरा म्हणून कडाप्प्याची चार बोटं रुंद पट्टी होती. बकूचा, म्हणजे त्या पिल्लाचा, पाय पट्टीपलीकडे पडला की विनया लाटणं ठेवून उठायची, तिला दोन्ही हातांनी उचलून मागे ठेवायची आणि नुसतं "अं हं" म्हणायची. मारणं नाही, ओरडणं नाही. अलीकडे बसून राहिली तर चपातीचा तुकडा. दिवसातून पन्नासदा हे चालायचं, तीन महिने चाललं.

अल्सेशियन ही जात गुरं-मेंढरं राखणारी. घरातली माणसं पांगली की बकूचा जीव थाऱ्यावर नसे. सुरुचीच्या टाचेला हळूच दात लावून तिला बाहेरच्या खोलीत आणायची, सदानंदला पेपरासकट गॅलरीतून हाकायची. विनया मात्र सदा पट्टीपलीकडे. तिला आणता येईना, तिच्याकडे जाता येईना. मग पट्टीशी हनुवटी टेकून, तिच्यावर डोळे लावून पडून राहायला बकू शिकली.

"येऊ द्या ना हो तिला," विनया एकदा म्हणाली. "दिवसभर मी एकटीच असते आत. देव काही म्हणायचे नाहीत."

"एकदा सांगितलं ना," सदानंद म्हणाला आणि पेपराचं पान उलटलं.

सुरुची लग्न होऊन नाशिकला गेली. दोन वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, विनया ओट्यासमोर कोसळली. बकू भुंकत सुटली. शेजारच्या आशालताने आधी खिडकी लावून घेतली. या भुंकण्यावरून सोसायटीत दोनदा बोलणं झालं होतं. दोन तासांनी ती तक्रार करायला म्हणून आली, तर जाळीच्या दारातून तिला पट्टीशी उभी असलेली बकू दिसली आणि पलीकडे विनयाचे पाय. नवऱ्याला हाक मारून तिने कडी तोडवली. सदानंद इस्पितळात पोचला तेव्हा विनया काही बोलत नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पहाटे ती गेली.

तेराव्याला आशालता भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "भावोजी, वहिनींचे पाय पट्टीपासून हातभर होते हो. भुंकून भुंकून बकूचा घसा बसला, पण आत पाऊल नाही टाकलं. काय शिकवलं होतं वहिनींनी."

ती कौतुकच करत होती. सदानंदला ते सुरीसारखं लागलं. कुत्री आत गेली असती म्हणून विनया वाचली नसती, एवढं त्याला कळत होतं. पण दोन तास ती त्या गार लादीवर पडली होती. मधे कधी डोळे उघडले असतील, तर जवळ एक ऊबदार तोंड तरी असतं. तेवढंही त्याने तिला मिळू दिलं नव्हतं.

त्या महिन्यात त्याने देव्हारा बाहेरच्या खोलीत आणला. एकट्याला जेवण जाईना, म्हणून बांगड्याचं डोकं दाखवून बकूला आत बोलावू लागला. ती पट्टीशी थांबे. त्याने गवंडी आणून पट्टीच काढून टाकली. पट्टी होती तिथेच ती थांबू लागली.

एका संध्याकाळी त्याचा तोल सुटला. गळ्यातल्या पट्ट्याला धरून त्याने तिला फरफटत ओट्यापर्यंत आणलं. "बस इथे. मी सांगतोय." लहानपणानंतर कधी घर घाण न केलेली ती मोठी कुत्री थरथरत उभ्या उभ्या मुतली आणि त्याने हात सोडताच पोट लादीला घासत पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

सदानंद फडकं घेऊन खाली बसला. पुसता पुसता त्याच्या ध्यानात आलं की ही हट्ट करत नाही. हिला अजून उचलून मागे ठेवणारे ते दोन हात आठवतात. या घरात विनयाचा शब्द पाळणारं आता हे एकच कुणी उरलंय. मी तर बायकोचा शब्द कधी पाळलाच नाही, आणि आज तिचा हाही मोडायला निघालो. फडकं तसंच हातात धरून ओल्या लादीवर तो हमसून हमसून रडला. बकू कण्हली, दोनदा उठून उभी राहिली, पंजे जिथल्या तिथे हलवले. त्याच्यावर डोळे लावून ती रडणं थांबेपर्यंत तिथेच राहिली, आणि आत आली नाही.